कूलरसमोर बसवलेले मूल : एका फिरत्या निरोपाला उत्तर

एप्रिल लागला की नागपुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक लांबलचक निरोप फिरू लागतो. यंदा तो माझ्याकडे चार ठिकाणांहून आला. त्याचा आशय असा : सहा वर्षांखालील मुलांसाठी घर हीच सर्वांत सुरक्षित जागा आहे, तेव्हा त्यांना कूलरसमोर बसवून शैक्षणिक व्हिडिओ लावून द्या; स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देऊ नका; शाळा उघडेपर्यंत इंग्रजी मुळाक्षरे आणि शंभरपर्यंत अंक लिहून घ्या; घरात इंग्रजीच बोला; आणि मूल भाजलेच तर ताबडतोब टूथपेस्ट लावा. पारा ४५ अंशांपर्यंत चढत असताना मुलांना दुपारी बाहेर सोडू नये, एवढे मला मान्य आहे. बाकीच्या प्रत्येक सल्ल्याला मात्र उत्तर द्यावे लागेल.

कूलरसमोर बसवण्याचा सल्ला ज्याने लिहिला, त्याने आपल्याकडचा कूलर उघडून पाहिलेला नसावा. खिडकीला टेकवलेली ती पत्र्याची पेटी, खाली पाण्याने भरलेली टाकी, त्या पाण्यात बुडालेला पंप आणि भोवती सगळे लोखंड. पंपाच्या वायरचे आवरण एके ठिकाणी जरी फाटले आणि अर्थिंग धड नसले, तर अख्ख्या पत्र्यात वीज उतरते. समोर ओली फरशी, अनवाणी पाय आणि वाळ्याच्या जाळीतून गळणारे पाणी पकडायला पुढे झालेला लहानगा हात. यावर ‘आमच्याकडे एमसीबी (मीटरच्या बोर्डावरचा, बिघाड झाल्यावर आपोआप पडणारा स्विच) आहे’ असे उत्तर हमखास मिळते. एमसीबी पडते ती शॉर्टसर्किट झाल्यावर किंवा भार फार वाढल्यावर. माणसाचा जीव घेऊ शकणारा प्रवाह मिलिअँपिअरमध्ये मोजायचा असतो आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची एवढीशी गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, लागते. ती बसवून घ्यावी, तिचे टेस्टचे बटन अधूनमधून दाबून पाहावे, आणि कूलर भरताना बटन बंद करण्यावर न थांबता प्लग उपसून ठेवावा, कारण वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतील तर बटन बंद असूनही आत वीज असते. कुणाला धक्का बसलाच तर त्याला हात न लावता आधी मेन स्विच पाडायचा, हे घरातल्या आजीपासून कामवाल्या मावशींपर्यंत सर्वांना ठाऊक हवे. कूलर भरायला काढलेली पाण्याची बादलीही तशीच सोडू नये. नुकते उभे राहू लागलेले मूल डोक्याकडून जड असते आणि वीतभर पाण्यातही बुडू शकते. तेव्हा घर सुरक्षित असते हे विधान अर्धवट आहे, ते कुणीतरी सुरक्षित केलेले असावे लागते.

व्हिडिओंविषयी फार लिहिण्याची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तास ही कमाल मर्यादा आहे, कमी तितके चांगले. ‘शैक्षणिक’ या विशेषणाने त्या तासाचे दोन तास होत नाहीत.

स्वयंपाकघराच्या मुद्द्यामागची काळजी खरी आहे, कारण चहाचे पातेले आणि कुकर यांच्याजवळ मूल नकोच. परंतु शेगडीपासून दूर, मोठ्या माणसाच्या नजरेसमोर, जमिनीवर बसून सांबार निवडणे (आपल्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात) यात धोका कसला? ओट्यावर काय गरम आहे आणि कशाला हात लावायचा नाही, हे रोज आत येणारे मूल शिकते. कधीच आत न आलेले मूल एके दिवशी कुणी नसताना येते. त्याहून मोठी चूक म्हणजे फिनाईल किंवा ॲसिड शीतपेयाच्या जुन्या बाटलीत भरून सिंकखाली ठेवणे, आणि त्याबद्दल निरोपात अवाक्षर नाही.

आता अक्षरे आणि अंक. विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून हाताशी आलेल्या दिवसांत पालकांना घाई सुचते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हा वयोगट एकच पायाभूत स्तर मानला आहे आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाठ्यपुस्तकेच नकोत असे म्हटले आहे. गेल्या महिन्यात सकाळी गच्चीवर मुंगवड्या घालणे चालले होते. माझ्या साडेचार वर्षांच्या नातीला शंभरपर्यंत म्हणता येते, पण प्लास्टिकवरच्या ओळीतल्या वड्या मोजताना तिचे बोट सातव्या वडीवर आणि तोंड अकरावर होते. आजीने तिचे बोट धरून एका वडीला एकच आकडा असे तीन ओळींपर्यंत केले. चौथ्या ओळीत नऊच वड्या निघाल्या, तेव्हा ती आपण होऊन म्हणाली, ‘आजी, इथं एक कमी पडली न वं.’ त्या दिवशी तिला नऊ आणि दहा यांतला फरक कळला. वहीत शंभर अंक गिरवून तो कळला नव्हता. सांबार निवडणारी, पीठ मळणारी बोटेच पुढे पेन्सिल नीट धरतात, म्हणून त्या आधीच्या कामांना वेळ वाया गेला असे समजू नये.

घरात इंग्रजीच बोला, हा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो. लहान मुले दोन-तीन भाषा सहज पेलतात आणि नागपुरातले मूल मराठी व हिंदी तशीही गल्लीतच शिकते, तेव्हा इंग्रजी आली तर बिघडत नाही. बिघडते ते आईबाबांच्या बोलण्यात. ज्या भाषेत आपल्याला ‘सीट डाऊन’ आणि ‘ईट फास्ट’ यांपलीकडे जाता येत नाही, त्या भाषेत मुलाच्या ‘पाऊस कुठून येते?’ या प्रश्नाला आपण काय उत्तर देणार? उत्तर जमत नाही, म्हणून संभाषण हुकमांवर येऊन थांबते. पाचवीपर्यंत शक्य तेथे घरच्या भाषेतून शिकवावे असे वरील धोरणही सांगते.

राहिली टूथपेस्ट. ती उष्णता आत कोंडते आणि दवाखान्यात जखम पुसून काढताना मुलाचे दुप्पट हाल होतात. तूप आणि हळद यांचीही गत वेगळी नाही, आणि बर्फाने तर भाजलेल्या कातडीला आणखी इजा होते. भाजलेल्या जागेवर साधे थंड पाणी २० मिनिटे सतत ओतायचे असते. आपल्याकडे त्यात एक मेख आहे : मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी नळाला चटका बसेल इतके गरम येते. त्या वेळी नळ सोडून माठाचे पाणी तांब्याने ओतावे, अंगाला चिकटलेला कपडा ओढू नये, बांगडी किंवा काळा दोरा सूज येण्यापूर्वी काढावा, आणि चेहरा, हाताचा पंजा किंवा मोठा भाग भाजला असेल तर पाणी ओतत असतानाच दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन लावावा.