जॅकलच्या आधीचा खंजीर

सिनेमावेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतोय. सत्तरच्या दशकात आशियात राजकीय हत्याकटांवर जे थरारपट निघाले, ते म्हणे सगळे 'द डे ऑफ द जॅकल'ची, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षाला मारायच्या सुपारीवरच्या इंग्रजी थरारकथेची नक्कल. एकटा सुपारीबाज, दुर्बिणीची बंदूक, झालं; राजकारण नावालाही नाही. पुराव्यादाखल मल्याळम 'ऑगस्ट १'.

पुराव्यापासूनच सुरुवात करू. 'ऑगस्ट १' जॅकलवरून घेतलाय, कबूल. पण तो १९८८चा! सत्तरीच्या खटल्यात अठ्ठ्याऐंशीचा साक्षीदार कसा चालेल?

नकलेचं म्हणाल तर जॅकलची कादंबरी आली १९७१ साली. दुर्बिणीची बंदूक घेऊन जगभर सुपाऱ्या वाजवणारा 'गोल्गो १३' मांगामध्ये, म्हणजे जपानी चित्रकथेत, १९६८पासूनच हिंडतोय. जपानी नट केन ताकाकुराला घेऊन त्याच्यावर सिनेमा निघाला १९७३ साली, थेट इराणमध्ये जाऊन. जॅकलचा सिनेमाही त्याच वर्षीचा.

आणि 'एकटा सुपारीबाज'? त्याच १९७३ साली हाँगकाँगमध्ये दिग्दर्शक चांग चेहचा 'द ब्लड ब्रदर्स' आला. १८७० साली नानजिंगमध्ये मा शिन्यी या बड्या सुभेदाराला चांग वन्श्यांगने भोसकलं, त्या खऱ्या घटनेवरचा. सिनेमात मारेकरी सुभेदाराचा शपथेचा भाऊ आहे. पैशाचा संबंधच नाही. पकडला गेलेला तो आपला जबाब देतोय, आणि त्या जबाबातून गोष्ट उलगडते. खून कोणी केला हे आधीच ठाऊक. भावावर सुरा उगारण्याची वेळ का आली, एवढंच बघायचं.

चिनी प्रेक्षकाला हे शिकवायला जॅकल कशाला हवा? प्राचीन चिनी इतिहासकार सिमा छ्यानच्या ग्रंथात मारेकऱ्यांवर वेगळं प्रकरणच आहे. त्यातला जिंग क नावाचा मारेकरी ख्रिस्तपूर्व २२७मध्ये दूत बनून छिन राज्याच्या राजासमोर उभा राहतो. नकाशाची गुंडाळी उलगडत जाते आणि शेवटच्या वळशातून विषारी खंजीर निघतो. तो राजाची बाही धरतो, ती फाटते. राजाची तलवार इतकी लांब की म्यानातून निघत नाही. राजा खांबाभोवती पळतोय, दरबारी मोकळ्या हातांनी बघतायत, आणि राजवैद्य हातातली औषधाची पिशवी मारेकऱ्याला फेकून मारतो! दोन हजार वर्षांपूर्वीचा प्रसंग. पटकथाकाराला करण्यासारखं काही उरलेलंच नाही.

आपलंच बघा ना. दिग्दर्शक पटवर्धन दांपत्याचा '२२ जून १८९७' हा १९७९चा. ॲक्शनपट म्हणता येणार नाही, पण दशक तेच आणि कटही राजकीयच. गणेशखिंडीचा रस्ता, जुबिलीची रात्र, 'गोंद्या आला रे'ची खूण, रँडच्या मागच्या गाडीतल्या आयर्स्टवरही झालेला गोळीबार. चापेकरांना सुपारी कोणी दिली होती म्हणे?

राहिला 'राजकारण नाही' हा आरोप. काही सिनेमांना तो लागू पडतो, नाही म्हणत नाही. पण आजच्या राज्यकर्त्यावर सिनेमा काढायची सोय नसेल, तर माणूस ऐतिहासिक पोशाख चढवतो. दक्षिण कोरियात १९७४ साली राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्यावर नाट्यगृहात गोळ्या झाडल्या गेल्या, त्यात त्यांची पत्नी गेली. १९७९च्या ऑक्टोबरात त्यांच्याच गुप्तचर प्रमुखाने त्यांना रात्रीच्या जेवणाच्या बैठकीत गोळ्या घातल्या. त्या रात्रीवर 'द प्रेसिडेंट्स लास्ट बँग' आला तो २००५ साली, आणि तेव्हाही त्यातली खऱ्या चित्रफितींची दृश्यं काढा, असा कोर्टाचा हुकूम झाला.