लिनक्समधली डिस्क खोटी नाही, गुणाकार चुकतोय

सिस्टिम अ‍ॅडमिन मंडळींच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: '/सिस/ब्लॉक/एसडीए/साइझ मधल्या आकड्याला लॉजिकल ब्लॉक साइझने गुणा. उत्तर डिस्कवरच्या लेबलशी जुळलं नाही, तर डिस्क बनावट.' (लॉजिकल ब्लॉक साइझ म्हणजे डिस्क एका वेळी जेवढ्या बाइटच्या तुकड्याने वाचते-लिहिते ते माप.) हे चुकीचं आहे.

लिनक्समध्ये डिस्कचा आकार सांगणाऱ्या त्या फाइलमधला आकडा नेहमी ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये (डिस्कवरची जागा मोजायच्या तुकड्यांत) असतो, मग डिस्कचा स्वतःचा सेक्टर केवढाही असो. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) सोर्समध्ये सेक्टर शिफ्ट ९ असा ठरलेला आहे, म्हणजे २ चा ९वा घात, ५१२. जुन्या ५१२ वाल्या डिस्कवर लॉजिकल ब्लॉक साइझही ५१२च, म्हणून हा हिशेब तिथे खपून जातो. गोची होते ती ४०९६ बाइटच्या नेटिव्ह डिस्कवर, म्हणजे जिचा लॉजिकल ब्लॉकच ४०९६ बाइटचा असतो. ४ टीबीच्या अशा डिस्कवर साइझ ७८१४०३७१६८ दिसतो. ५१२ ने गुणलं की ४ टीबी आणि वर थोडं. ४०९६ ने गुणलं तर थेट ३२ टीबी! त्यावरून चांगली डिस्क परत पाठवू नका.

पार्टिशन (डिस्कचा भाग) कुठून सुरू होतो ते सांगणाऱ्या 'स्टार्ट' फाइलचंही तेच. अशा ४०९६ वाल्या डिस्कवर तिथे २०४८ आणि एफडिस्क या पार्टिशन दाखवणाऱ्या कमांडमध्ये २५६ दिसलं तरी जागा एकच, १ एमआयबी (१०,४८,५७६ बाइट). एफडिस्क लॉजिकल सेक्टर मोजतो. (हा घोळ कर्नलवाल्यांनी ठळक लिहून ठेवायला हवा होता, हे मान्य.)

डिस्कच्या आकाराची खात्री करायची तर 'ब्लॉकडेव्ह --गेटसाइझ६४' ही कमांड त्या डिस्कवर चालवा, उत्तर सरळ बाइटमध्ये मिळतं. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.