खांद्यावरची संक्रांत

एखाद्यावर संकट कोसळले की त्याच्यावर संक्रांत आली असे आपण म्हणतो. माझ्या उजव्या खांद्यावर ती अक्षरशः आली, आणि तीही पंचांगात छापलेल्या तारखेला. बडोद्यात १४ जानेवारीला तिळगूळ वाटून मोकळे होण्याची सोय आम्हा मराठी माणसांना नाही. शेजारचे गुजराती उत्तरायण आणि दुसऱ्या दिवशीची वासी उत्तरायण असे दोन दिवस स्वतः गच्चीवरून उतरत नाहीत आणि आपल्यालाही उतरू देत नाहीत. वर्षभरात फायलीपेक्षा जड काही न उचललेला हात मी वयाच्या ५६व्या वर्षी सलग दोन दिवस डोक्याच्या वर ठेवून खेच आणि ढील यांच्या स्वाधीन केला. एकंदर चार पतंग कापले आणि अकरा गमावले. तिसऱ्या दिवशी सकाळी बनियन काढताना खांद्यातून जी कळ निघाली, तिचे हप्ते मात्र मी पुढे पाच महिने फेडत होतो.

तीन आठवडे बाम चोळण्यात घालवून मी अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी हात पुढे, बाजूला आणि पाठीमागे फिरवून पाहिला. मग हात समोर धरून अंगठा जमिनीकडे वळवायला लावला, जणू हातातला डबा मी ओतून रिकामा करतो आहे, आणि वरून दाब दिला. या चाचणीचे नावच ‘एम्प्टी कॅन’ आहे. दारूबंदीच्या राज्यात कॅन रिकामा निघाला यात नवल नव्हते, परंतु मी ज्या स्वरात ओरडलो त्यामुळे बाहेर बसलेल्यांपैकी दोघे उठून उभे राहिले. निदान झाले शोल्डर इम्पिंजमेंटचे. १९७२ साली चार्ल्स नीर या अमेरिकन शल्यविशारदाने या दुखण्याची नीट मांडणी केली, म्हणजे दुखणे मानाचे आहे. खांद्यावर अ‍ॅक्रोमिअन नावाच्या हाडाचे छप्पर असते आणि त्याच्याखालच्या चिंचोळ्या फटीतून सुप्रास्पायनेटस या स्नायूचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, जातो. हात वर उचलला की फट आणखी अरुंद होते, आणि कंडरा सुजलेला असेल तर जुन्या शहरातल्या पोळात, म्हणजे अरुंद गल्लीत, दोन रिक्षा समोरासमोर आल्यावर जे होते तेच तिथे होते. कोणीच मागे हटत नाही आणि आवाज मात्र मोठा होतो.

या दुखण्याचा खरा खवचटपणा त्याच्या वेळापत्रकात आहे. हात खाली लोंबत असेल तर काही होत नाही. बाजूने वर नेताना साधारण ६० अंशांना कळ सुरू होते, १२० अंशांपर्यंत टिकते आणि त्यापुढे पुन्हा बरे वाटू लागते. आता विश्वास ठेवा अथवा ठेवू नका, गृहस्थाचा सगळा संसार याच ६० अंशांच्या पट्ट्यात मांडलेला असतो. दिव्याचे बटण त्यात आहे, कपडे वाळत घालायची दोरी त्यात आहे, शेंगदाण्यांचा डबा त्यात आहे आणि रिक्षा थांबवण्यासाठी पुढे करावयाचा हातही त्यातच आहे. मी हात कमरेइतकाच उचलत असल्यामुळे रिक्षावाले मला कुणाला तरी निरोप देणारा माणूस समजून निघून जात. सदरा घालताना दुखरा हात आधी आणि काढताना तो शेवटी, हे सूत्र मला कोणी शिकवले नाही. दोन सदऱ्यांच्या उसवलेल्या काखांनी शिकवले. पाठीमागे हात नेणे तर बंदच झाले होते. मागच्या खिशातले पाकीट काढता येत नसल्याने नाश्त्याचे पैसे मित्र देऊ लागले, आणि पंधरवड्यात ते मित्र न्याहारीला बोलावीनासे झाले. घरात मंत्रिमंडळात होतो तसा खांदेपालट होऊन सगळी खाती डाव्या हाताकडे गेली. त्या हाताला अनुभव शून्य होता. पहिल्याच आठवड्यात त्याने दाढीचा साबण नाकात घातला.

शिवाय या आजाराला पुरावा नाही. प्लॅस्टर असते तर येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारपूस केली असती, बसमध्ये जागा मिळाली असती. इथे रात्री उजव्या कुशीवर वळताच जागा होऊन, उशी पोटाशी धरून डाव्या कुशीवर पडलेला इसम दिवसा सर्वांना धडधाकट दिसतो. त्यातून हे बडोदे, जुम्मादादा आणि माणिकराव यांच्या आखाड्याचे गाव. दांडिया बाजारात वाढलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या एखाद्या काकाचे निखळलेले हाड माणिकरावांनी एका झटक्यात बसवलेले असते, आणि तो झटका हे म्हातारे माझ्या हातावर करून दाखवायला पाहतात. माझे हाड जागेवरच आहे, बिघाड त्याच्या खालच्या दोरीत आहे, हे सांगून पाहिले. पण हाडाच्या कथेपुढे दोरीला कोण विचारतो?

पुण्याहून चिरंजीवांचा फोन आला, “बाबा, ऑपरेशन करून टाका, विषय संपवा.” डॉक्टर मात्र हसले. ब्रिटनमधल्या एका चाचणीत काही रुग्णांच्या खांद्यातले हाड तासले आणि काहींच्या खांद्यात नुसते दुर्बिणीने डोकावून टाके घातले. तरी दोन्ही गटांचे दुखणे जवळपास सारखेच उतरले, हे २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आहे, असे त्यांनी सांगितले. केवळ डोकावण्यासाठी मुलाने पैसे भरावेत हे मला पटेना. मी फिजिओथेरपी पत्करली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळून त्यांची खांदेमळणी करतात. ती वर्षातून एकदा असते. माझी आठवड्यातून तीनदा होऊ लागली. मळणारी मुलगी माझ्या मुलीच्या वयाची होती आणि काका म्हणून अत्यंत आदराने दुखवत असे. हात वर जाताना दोन तृतीयांश काम खांद्याचा सांधा करतो आणि एक तृतीयांश पाठीवरचा फरा, हे तिने मला हाडांच्या सापळ्यावर दाखवले. माझा फरा बहुधा रजेवर होता आणि त्याच्या बदली मी मानेचे स्नायू आखडून खांदा कानापर्यंत उचलत होतो. “काका, खभो नीचे!” हे वाक्य मी स्वप्नातही ऐकले. तिला कसे सांगणार की कचेरीत ३० वर्षे कोणत्याही प्रश्नावर खांदे उडवणे हेच माझे काम होते आणि तो एकच स्नायू मी निष्ठेने कमावला आहे!

घरचा अभ्यास वेगळा होता. टेबलावर डावा हात टेकून, वाकून, उजवा हात लोंबता सोडायचा आणि त्याची लहान वर्तुळे काढायची. सौ. म्हणाली, “अहो, जात्यावर बसल्यासारखे काय करताय? दळायचेच असेल तर गहू देते.” मग बोटांनी भिंत चढायची. रोज पोहोचेल तिथे मी पेन्सिलीने रेघ आणि तारीख टाकत असे. ज्या भिंतीवर मुलांची उंची मोजली होती तिच्यावरच आता बाप मोजला जात होता, आणि १८ मार्चची रेघ १५ मार्चच्या खाली होती.

परंतु मुख्य व्यायाम रबरी पट्ट्याचा. पिवळा पट्टा दाराच्या कडीला बांधायचा, कोपर काटकोनात वाकवून बरगडीला चिकटवायचे, कोपर आणि बरगडी यांच्यामध्ये नॅपकिनची गुंडाळी धरायची आणि पंजा सावकाश बाहेरच्या बाजूला न्यायचा. पंधरा वेळा, तीन फेऱ्या. नॅपकिन पडला तर ती फेरी बाद. पाहणाऱ्याला वाटावे की एक पोक्त गृहस्थ काखेत नॅपकिन लपवून दार ओढण्याच्या प्रयत्नात आहे आणि दार त्याला दाद देत नाही. एकदा दाराने दाद दिली. कामवाल्या मावशी पलीकडून आत आल्या, पट्टा सटकला, आणि माझी गती व त्यांची किंकाळी दोन्ही अनपेक्षित होत्या. तेव्हापासून पट्टा खिडकीच्या गजाला. एप्रिलमध्ये मला लाल पट्टा मिळाला. नोकरीतल्या कोणत्याही पदोन्नतीने इतका आनंद झाला नव्हता. तो मी घरी सर्वांना हाताळायला दिला. मेअखेर हिरवा मिळाला आणि जूनमध्ये शेंगदाण्यांचा डबा उजव्या हाताने खाली आला. त्यात शेंगदाणे नव्हते.

यंदाच्या उत्तरायणाला मला गच्चीवर जाण्याची परवानगी मिळाली, पण दोरा हाती घेण्याची नाही. पतंग सौ.ने उडवला आणि फिरकी मी धरली. एरवी ती माझी घेतली जाते. फिरकी धरणाऱ्याची दोन्ही कोपरे बरगडीला चिकटलेली असतात, तेव्हा मी सवयीने उजव्या काखेत नॅपकिनची गुंडाळी घेऊनच उभा होतो. तासभर नुसती ढील चालली होती. मग समोरच्या गच्चीवरचा एक काळा पतंग आमच्या दोऱ्यावर आला, सौ.ने दोन झटके दिले, तो डुलत खाली जाऊ लागला आणि आसपासच्या चार गच्च्यांवरून “काप्यो छे!” उठले. त्यात माझाही आवाज होता.

“अहो, तुमचा नॅपकिन पडला,” सौ. म्हणाली.