बिल्टी आली, माल कुठाय?

"अर्ध्या तासाचं काम आहे, अप्पा." हे वाक्य मी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी बोललो. पोटात आमरस आणि खापरावरच्या दोन पुरणपोळ्या होत्या. अशा अवस्थेत माणसानं कामाचा अंदाज देऊ नये.

अप्पा म्हणजे माझे मोठे काका. रावेरला त्यांचा केळीचा व्यापार. मागणी साधी होती: गाडी भरून काटा झाला, की बिल आपोआप दिल्लीच्या पार्टीला मेलनं गेलं पाहिजे. बिलाचा प्रोग्राम मीच लिहिलेला. तो फक्त एका ईमेल सर्व्हिसच्या एपीआयला, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामांसाठी ठेवलेल्या दाराला जोडायचा होता.

सर्व्हिसनं एक लांबलचक किल्ली दिली आणि बारीक अक्षरांत ताकीद, की ही पुन्हा दिसणार नाही. मी कॉपी केली, पान बंद केलं. तेवढ्यात अप्पांचा मेसेज आला, 'पार्टीचा जीएसटी नंबर टाकून घे.' तो नंबर मी तत्परतेनं कॉपी केला. किल्ली गेली.

दुसरी काढली. उत्तर आलं ४०१, म्हणजे 'तू कोण?' रात्री एकपर्यंत पंख्याच्या गरम वाऱ्यात बसून मी किल्लीचं एकेक अक्षर बोट ठेवून ताडलं. हा ओ आहे की शून्य? शेवटी कर्सर ओळीच्या टोकाला नेला, तर तो शेवटच्या अक्षराला चिकटून न थांबता एक घर पुढे जाऊन उभा राहिला. किल्लीमागे एक स्पेस होती. काहीही नसलेल्या त्या जागेनं माझे पाच तास खाल्ले.

४०१ गेला, ४०३ आला. आता ओळख पटली होती, पण अप्पांच्या डोमेनच्या नावानं मेल टाकायची परवानगी नव्हती. त्यासाठी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत नोंदी करायच्या होत्या. डीएनएसचा पासवर्ड वेबसाइट करून देणाऱ्या पोराकडे, पोरगा पुण्यात, फोन बंद. यात तीन दिवस गेले.

"पन नोंदी कशाले?" अप्पांनी विचारलं. सांगितलं, की १९८२ साली एसएमटीपीचे, म्हणजे मेल पाठवण्याचे नियम लिहिले गेले तेव्हा पाठवणाऱ्याचं नाव खरं की खोटं, हे तपासायची सोयच ठेवली नव्हती. ठिगळं नंतर लागली. एसपीएफ म्हणजे आपल्या नावानं माल न्यायला धरलेल्या गाड्यांची यादी. डीकिम म्हणजे मालावरचं सील.

अप्पा मुनीमजींकडे वळले. "अन् गाडी यादीत नाही, सीलही तुटेल, तर माल उतरवायचा, बाजूले ठेवायचा, का परत धाडायचा, त्याची चिठ्ठी बी असेलच."

ती चिठ्ठी म्हणजे डीमार्क. मला ते समजायला दोन रात्री लागल्या होत्या.

आणि तरीही चूक मीच केली. डोमेनला आधीची एक एसपीएफ नोंद होती, मी शेजारी दुसरी टाकली. नियमानं नोंद एकच हवी. दोन दिसल्या की तपासणारा दोन्ही बाद धरतो. त्या एकत्र केल्या आणि अखेर २०२ आलं. मी ओरडलो, "अप्पा, गेलं!"

"पोचलं का?"

"स्वीकारलं."

"कोनी? पार्टीनं?"

"नाही. सर्व्हिसनं. आता ती पुढे पाठवेल."

अप्पांनी चष्मा काढला. "म्हंजे बिल्टी आली. माल कुठी आहे?"

बिल्टी म्हणजे माल ताब्यात घेतल्याची ट्रान्सपोर्टची पावती. २०२चा इतका नेमका अर्थ मी आजवर कुठल्याच मॅन्युअलात वाचलेला नाही. माल पार्टीच्या स्पॅममध्ये होता.

तो बाहेर काढला त्याच आठवड्यात लाईट गेली. भरदुपारी, नवतीच्या केळीची गाडी काट्यावर. प्रोग्राम मोबाईलच्या नेटवर रडतखडत चालू. त्यानं बिल पाठवलं, दहा सेकंद वाट पाहिली, उत्तर नाही, पुन्हा पाठवलं. मीच तसं लिहिलं होतं, पाच वेळा प्रयत्न कर म्हणून. विनंती पाचही वेळा पोचली होती, फक्त उत्तर परत येत नव्हतं. दिल्लीहून पार्टीचा फोन: "भाईसाब, एक गाड़ी बोली थी, पाँच कैसे भर दी?"

अप्पा माझ्याकडे नुसते बघत राहिले.

यावर तोड होती. प्रत्येक विनंतीसोबत बिल नंबर ओळखखूण म्हणून धाडायचा. तीच खूण पुन्हा दिसली तर सर्व्हिस दुसरा मेल काढत नाही. हे कागदपत्रांत लिहिलेलं होतं, मी वाचायचं सोडलं त्याच्या पुढच्याच पानावर. वर वेबहुकही जोडला: पार्टीच्या सर्व्हरनं मेल उतरवून घेतला, की अप्पांच्या स्क्रीनवर हिरवी खूण. तोवर मृग तोंडावर आला होता आणि लोक नव्या बागेच्या लागवडीला लागले होते.

हिरवी खूण दिसली तरी अप्पा पार्टीला फोन करतातच. मी आता बोलत नाही.

काल संध्याकाळी त्याच प्रोग्रामपुढे बसलो होतो. आतून काकूंनी हाक मारली, "भरीत गार होतंय रे!"

"आलो, आलो!" मी म्हणालो, जागेवरूनच.

अप्पा ताटावरून म्हणाले, "बिल्टी आली व, वाढू नको अजून."