दुसऱ्याचा कोड आणि माझी रात्र

दिवसभर टॉवेलच्या कारखान्यात हिशेब, रात्री जेवण झालं की लॅपटॉप. कुणीतरी लिहिलेला कोड घ्यायचा, आपल्या कामापुरता बदलायचा, असंच मी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतोय. शिकवायला कुणी नाही. पण हा कोड कुठल्या आवृत्तीचा, ही एक ओळ वर लिहायला लोकांचं काय जातं?

परवाचंच घ्या. नगांचे डझन आणि सुटे नग काढायचे होते. मिळालेल्या कोडमध्ये प्रिंटला, म्हणजे उत्तर पडद्यावर दाखवायच्या आज्ञेला, कंसच नाहीत. म्हणजे जुनं पायथन २, ज्याची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद आहे! नव्या पायथन ३ साठी कंस घातले, चाललं. तर ४२ नगांचे डझन आले ३.५, आणि वर सुटे ६ वेगळे. सहा टॉवेल दोनदा धरले की हो! जुन्या पायथनमध्ये ४२ भागिले १२ केलं की ३ यायचे, नव्यात ३.५ येतात, ३ हवे असतील तर भागाकाराला एकाऐवजी दोन तिरक्या रेघा (//) द्याव्या लागतात. कंस नसले तर एरर तरी येते. इथे काहीच नाही, मुकाट चुकीचा आकडा. मालकांपुढे हा हिशेब गेला असता तर?

आणि कोडमध्ये आकड्यांना दिलेली ती नावं! ए, बी, एक्स१, टेम्प२. आमच्या सोलापुरात चादरींच्या गठ्ठ्यावरसुद्धा आत काय, किती नग, ते लिहिलेलं असतं. एप्रिलचा उकाडा, घामाने बोटं चिकटतायत, आणि मी तासभर शोधतोय की टेम्प२ म्हणजे काय. सुटे नग होते ते. ‘सुटे’ लिहायला काय झालं होतं?