नागपूरच्या पाण्याला फ्रंट लोड चालत नाही, हे खरं नाही

गेल्या पावसाळ्यापासून फ्रंट लोड, म्हणजे समोरून दार असलेल्या वॉशिंग मशीनबद्दल एक मेसेज नागपुरातल्या घराघरांत फिरतो आहे. मला तो माझ्याच गिऱ्हाइकांनी पाठवला, नातेवाइकांनी पाठवला, आणि परवा हुडकेश्वरच्या मावशीनं फोन करून वाचून दाखवला. "काहून रे, फ्रंट लोड घेऊच नको म्हणते हे, खरं आहे का?" तिला म्हटलं, सविस्तर लिहून पाठवतो. तेच हे.

मेसेज थोडक्यात असा (टॉप लोड म्हणजे वरून कपडे टाकायची मशीन): "नागपूरकरांनो, फ्रंट लोड मशीन घेऊ नका. आपलं पाणी खारं आहे, हीटर सहा महिन्यांत जळतो. थोड्या पाण्यात कपडे निघत नाहीत. टाकीच्या पाण्यावर ही मशीन चालत नाही. वीज दुप्पट लागते. लाइन गेली की कपडे आत अडकतात. रबराला वास येतो. दुरुस्ती परवडत नाही. टॉप लोडच घ्या. सर्वांना पाठवा."

मी अठरा वर्षं या शहरात वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. मशीन विकत नाही, त्यामुळे कोणी कोणती घेतली यानं माझ्या खिशाला फरक पडत नाही. पण तीस-चाळीस हजार रुपये घालून घेतलेली वस्तू दहा वर्षं घरात राहते, आणि ती अशा मेसेजवर ठरते, हे मला फार खुपतं. यातल्या काही गोष्टी अर्धवट खऱ्या आहेत. दुरुस्तीची तर बरीचशी खरी आहे. म्हणून एकेक घेतो.

सगळ्यात आधी पाणी, कारण बाकीचा मेसेज त्यावरच उभा आहे. "नागपूरचं पाणी" असं एक पाणी नाहीच. महापालिकेच्या नळाला येतं ते पेंचच्या धरणाचं आणि कन्हान नदीचं. ते उघड्यावरचं पाणी असल्यानं त्यात चुना कमी असतो. बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वरच्या कितीतरी लेआउटमध्ये मात्र अजून बोअरवर भागवावं लागतं. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं खडकात मुरलेलं असतं आणि त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळून आलेलं असतं. धरमपेठेतल्या नळाचं पाणी आणि बेलतरोडीच्या बोअरचं पाणी या मशीनच्या दृष्टीनं दोन वेगळ्या गावच्या गोष्टी आहेत.

आपल्या घरचं पाणी कसं आहे हे बघायला नागपुरात मीटर लागत नाही. कूलर आहे. उन्हाळा संपल्यावर वुडवूलच्या जाळ्या काढता तेव्हा नीट बघा. पाणी उडून जातं आणि चुना मागे राहतो. हातानं झटकल्यावर पांढरी भुकटी पडून जात असेल तर काळजीचं कारण नाही. जाळीला दगडासारखे पापुद्रे धरले असतील आणि ते खरवडून काढावे लागत असतील, तर पाणी जड, म्हणजे जास्त चुन्याचं आहे. दुसरी खूण साबणाची. बाटलीत अर्धं पाणी घ्या, साध्या साबणाचा थोडा कीस टाका आणि जोरात हलवा. भरपूर फेस आणि खाली बऱ्यापैकी स्वच्छ पाणी दिसलं तर ठीक. फेस नाही आणि दह्यासारखा साका धरला, तर पाणी जड. हा प्रयोग डिटर्जंटनं करू नका, डिटर्जंट जड पाण्यातही फेसाळतं.

दुकानात काही लोक टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतात आणि लगेच फिल्टर विकतात. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच, त्यात मीठही आलं. मशीनला त्रास देतो तो त्यातला चुना, म्हणजे काठिण्य. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातही या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या आहेत: काठिण्य लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचं, आणि टीडीएस ५०० पर्यंत चांगला, नाइलाजानं २००० पर्यंत. पाणी प्रयोगशाळेत तपासलं तर काठिण्याचा आकडा वेगळा मागून घ्या.

आता हीटर. चुना हीटरवर बसतो तो पाणी तापल्यावर, आणि जितकं जास्त तापवाल तितका जास्त बसतो. थंड पाण्याच्या प्रोग्रामवर हीटर लागतच नाही, मग तो जळणार कसा? मी जे पांढरे, सुजल्यासारखे दिसणारे हीटर बाहेर काढतो, ते बहुधा बोअरच्या पाण्यावर रोज ६० अंशांवर धुणाऱ्या घरांतले असतात. तेही सहा महिन्यांत नाही, काही वर्षांत जातात. बोअरवर असाल तर रोजचे कपडे थंड किंवा ३० अंशांवर धुवा. दोन-तीन महिन्यांतून एकदा रिकाम्या ड्रममध्ये चुना काढायची डिस्केलिंग पावडर किंवा किराणा दुकानातलं सायट्रिक अ‍ॅसिड टाकून गरम पाण्याचा प्रोग्राम फिरवा. नळाला लावायच्या छोट्या फिल्टरबद्दलही स्पष्ट सांगतो. फॉस्फेटचे मणी असलेला फिल्टर पाणी मऊ करत नाही, तो चुन्याला चिकटू देत नाही इतकंच. पाणी खरंच मऊ करायचं तर रेझिनचा सॉफ्टनर लागतो, त्यात मीठ घालून तो पुन्हा ताजा करावा लागतो. दोन्ही उपयोगी आहेत, पण एकाचे पैसे घेऊन दुसऱ्याचं नाव सांगितलं जातं तेव्हा गिऱ्हाईक फसतं.

मेसेज लिहिणाऱ्यानं एक साधा हिशेब केलेला नाही. समजा बोअरच्या पाण्यात लिटरला ३०० मिलिग्रॅम काठिण्य आहे. सात किलोची टॉप लोड एका धुण्याला साधारण १२० लिटर पाणी घेते. म्हणजे ३६ ग्रॅम चुना मशीनमधून आणि कपड्यांतून गेला. फ्रंट लोड ५५ लिटर घेते, तिच्यातून साडेसोळा ग्रॅम. जड पाण्यात डिटर्जंटचा मोठा भाग आधी या चुन्याशी झुंजण्यात खर्च होतो. म्हणजे पाणी जितकं वाईट, तितकं कमी पाणी वापरणाऱ्या मशीनचं पारडं जड. टॉप लोडला हीटर नसेल तर जळायलाही काही नाही, हे खरं. पण चुना आणि डिटर्जंट मिळून तिच्या आतल्या आणि बाहेरच्या टबच्या मधे थर धरतात, आणि मग काळ्या कपड्यांवर राखाडी कण दिसू लागतात. अशी तक्रार आली की टब उघडून घासावाच लागतो.

"थोड्या पाण्यात कपडे निघत नाहीत." यावर मला आजीची धुण्याची शिळा आठवते. ती कपडा उचलायची आणि आपटायची. कपडा निघायचा तो त्या आपटण्यानं, बादल्यांनी नाही. फ्रंट लोडचा ड्रम तेच करतो: कपडे वर नेतो आणि खाली टाकतो. त्याला कपडे तरंगायला नको असतात, भिजलेले हवे असतात. टॉप लोडमध्ये तळाची चकती पाणी घुसळते आणि कपडे त्यात फिरतात, म्हणून ते बुडतील इतकं पाणी लागतंच. त्या घुसळणीत साड्यांना आणि ओढण्यांना पीळ पडतो तो वेगळा. फ्रंट लोडमध्ये कपडे नीट निघत नाहीत अशी तक्रार आली की मी आधी डिटर्जंट बघतो. बहुतेक वेळा हातधुण्याची पावडर असते, तीही मूठभर. फेस जास्त झाला की कपडे गादीवर पडल्यासारखे पडतात. आपटणं बंद आणि धुणंही बंद. फ्रंट लोडसाठीचं कमी फेसाचं डिटर्जंट मोजून घाला आणि लहान मुलांच्या कपड्यांना एक विसळणं जास्त लावा.

पाण्याच्या बचतीला कोणी हसू नये. २०१९च्या जुलैत पेंचचं तोतलाडोह धरण आटलं होतं आणि महापालिकेला एक दिवसाआड पाणी द्यावं लागलं होतं. तेव्हा ज्या घरांत आठवड्यातून चार-पाच धुणी निघायची, त्यांना एका धुण्यामागच्या साठ लिटरचं मोल कळलं.

टाकीच्या पाण्याचा मुद्दा मेसेजमध्ये चुकीच्या पद्धतीनं मांडला आहे, पण त्यात तथ्य आहे. पाणी जितकं उंचावरून येतं तितका दाब. दहा मीटर उंचीला जवळपास एक बार (बार हे दाबाचं माप). मशीनला किमान किती लागतो ते तिच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, काहींना ०.३ बार पुरतो, काहींना ०.५ किंवा १ लागतो. गच्चीवर टाकी आणि मशीन तळमजल्यावर असेल तर सहा-सात मीटर सहज मिळतात. वरच्या मजल्यावर, टाकीच्या अगदी खाली मशीन असेल तर अडीच मीटरही मिळत नाहीत आणि मशीन पाणी भरताना एरर देऊन थांबते. पण हे ऑटोमॅटिक टॉप लोडलाही लागू आहे, तिलाही तसाच व्हॉल्व्ह असतो, आणि तिला तर दुप्पट पाणी भरायचं असतं. मशीन घेण्याआधी त्याच नळाखाली दहा लिटरची बादली ठेवा. दोन मिनिटांत भरली नाही तर छोटा प्रेशर पंप लागणार असं धरून चाला. हा माझा ठोकताळा आहे आणि तो सहसा चुकलेला नाही. नळाला पाणीच नसेल तर टॉप लोडमध्ये बादलीनं पाणी ओतता येतं, फ्रंट लोडमध्ये येत नाही. हा टॉप लोडचा खरा फायदा आहे. टँकरवर राहणाऱ्या घरांना तर मी सेमी ऑटोमॅटिकच सुचवतो.

वीज. इथेही सगळा खेळ हीटरचा आहे. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ४० वर न्यायला पाव युनिटच्या आसपास लागतं, ६० वर न्यायला ०.६ युनिट. थंड प्रोग्रामवर यातलं काहीच लागत नाही. आणि आपल्या मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून जे पाणी येतं त्यात हात ठेववत नाही, तेव्हा ४० अंशांचा प्रोग्राम लावला तरी हीटरला फारसं काम उरत नाही. दुकानात स्टार मोजत बसू नका, त्याच लेबलवर किलोमागे किती वीज आणि किती लिटर पाणी लागतं ते लिहिलेलं असतं, ते वाचा.

लाइन गेली तर बहुतेक मशीन थांबल्या तिथूनच पुढे सुरू होतात. अगदीच दार उघडायचं असेल तर खालच्या फिल्टरच्या झाकणामागून आधी पाणी काढा. बऱ्याच मॉडेलमध्ये तिथेच दार सोडवायची दोरी असते.

वास रबराचा नसतो, रबराच्या घडीत साचलेल्या पाण्याचा असतो. धुणं झालं की घडी फडक्यानं पुसा आणि दार किंचित उघडं ठेवा. श्रावण-भाद्रपदात हे चुकवू नका. त्याच दिवसांत फ्रंट लोडचं पिळणंही कामी येतं. टॉप लोड मिनिटाला सातशेच्या आसपास फेरे घेते, फ्रंट लोड हजार ते चौदाशे. १२०० फेऱ्यांना कपड्यांतलं पाणी बाहेर फेकणारा जोर ७०० फेऱ्यांच्या मानानं जवळपास तिप्पट असतो. उन्हाळ्यात याचं काही वाटणार नाही, अर्ध्या तासात जीनही वाळते. पण पावसाची झड लागल्यावर घरभर बांधलेल्या दोऱ्यांखालून वाट काढणाऱ्या बाईला विचारा.

राहिली दुरुस्ती. इथे मेसेजशी मी भांडणार नाही. फ्रंट लोड जड असते, तिला काँक्रीटची वजनं असतात, आणि कितीतरी मॉडेलमध्ये टब जोडून बंद केलेला असतो. बेअरिंग गेलं तर अख्खा टबच बदलावा लागतो. ड्रमच्या मागचा तीन पायांचा आधार, ज्याला आम्ही स्पायडर म्हणतो, तो डिटर्जंटच्या साक्यानं खाल्ला जातो. टॉप लोडचं काम त्या मानानं स्वस्त. दर वर्षी भाड्याचं घर बदलणाऱ्यानं हे लक्षात घ्यावं. फ्रंट लोड हलवताना आतला ड्रम घट्ट धरून ठेवणारे ट्रान्झिट बोल्ट लावावे लागतात आणि नव्या जागी आठवणीनं काढावे लागतात. मनीषनगरात एका घरी मशीन नाचत नाचत भिंतीला टेकली होती. घरचे कंपनीला दोष देत होते. बसवणाऱ्यानं मागचे चारही बोल्ट तसेच ठेवले होते.

मावशी, आता तुझं. तुझ्याकडे बोअर आहे, पण त्यामुळे काही अडत नाही. तू वरच्या मजल्यावर राहतेस, टाकी डोक्यावर आहे, नळाची धार मी बघितली आहे, बादली भरायला चार मिनिटं लागतात, म्हणजे कोणतीही मशीन घेतलीस तरी पंप लागणारच. त्यात तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वाकणं जमत नाही. फ्रंट लोडला रोज वाकावं लागेल, आणि उंच व्हावी म्हणून तिला चाकांच्या स्टँडवर चढवायला मी कधीच सांगणार नाही. तू टॉप लोड घे, साडेसहा किलोची पुरे. खामल्याच्या ताईकडे नळाचं पाणी आहे, घर तळमजल्यावर आहे आणि बाळाचे कपडे गरम पाण्यात धुवायचे असतात. तिनं फ्रंट लोडची ऑर्डर तो मेसेज वाचून रद्द केली असेल तर तिला पुन्हा द्यायला सांग. तुझी मशीन यायच्या दिवशी मला फोन कर, न्हाणीतल्या नळाला पंप बसवून देतो.