हायलक्सचा टॉर्क ४२० की ५००: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार साहेब,

दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, की आमच्याकडून घेतलेल्या मॅन्युअल हायलक्स पिकअपच्या जाहिरातीत टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) ५०० न्यूटन-मीटर होता, कागदपत्रांत मात्र ४२० निघाला. म्हणजे आम्ही इंजिन बदललं किंवा त्याचा जोर दाबून ठेवला, असं तुमचं म्हणणं. यातलं जाहिरातीबद्दलचं खरं आहे. ५०० हा ऑटोमॅटिकचा आकडा, तो मॅन्युअलच्या जाहिरातीत आमच्याच हातून गेला. मनापासून माफी मागतो.

इंजिनाला मात्र कुणी हात लावलेला नाही. दोन्ही गाड्यांत तेच २.८ लिटरचं डिझेल इंजिन आहे आणि ताकदही तीच, २०४ पीएस. टॉर्कमधला फरक कंपनीकडूनच येतो, गिअरबॉक्सनुसार. मॅन्युअलमध्ये सगळा जोर क्लच प्लेटच्या घर्षणावर आणि पुढे गिअरच्या दात्यांवर येतो. लोड घेऊन चढावर क्लच पटकन सुटला की तो झटका सरळ आत जातो. म्हणून ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, टॉर्क आधीच अडवतो. ऑटोमॅटिकमध्ये मधे टॉर्क कन्व्हर्टरचं तेल असतं. ते झटका गिळतं आणि गाडी उठताना टॉर्क वाढवूनही देतं.

टॉर्क कमी तर पीएस सारखे कसे, हे तुम्ही विचारलंत, आणि तो प्रश्न रास्त आहे. ताकद टॉर्क आणि फेरे या दोन्हींवर ठरते. मॅन्युअलचे ४२० हे १४०० पासून ३४०० आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेरे) टिकतात, आणि ३४०० ला ४२० म्हणजे साधारण १५० किलोवॅट, तेच २०४ पीएस. ऑटोमॅटिकचे ५०० हे १६०० ते २८०० पर्यंतच. पुढे ते उतरतात. ट्रेलर ओढताना २००० च्या आसपास तुम्हाला दम कमी वाटतो, तो भास नाही. तिथे खरोखरच ८० न्यूटन-मीटर कमी आहेत.

असं दुसरीकडेही होतं. अमेरिकेतल्या रॅम पिकअपमध्ये २०१३ साली कमिन्सचं ६.७ लिटर इंजिन तीन गिअरबॉक्सबरोबर टॉर्कच्या तीन आकड्यांत मिळायचं: मॅन्युअलला ६६० पाऊंड-फूट, नेहमीच्या ऑटोमॅटिकला ८००, आयसिनच्या दणकट ऑटोमॅटिकला ८५०.

रीमॅप करून, म्हणजे ईसीएमचं सॉफ्टवेअर बदलून, ५०० करून द्या, असं तुम्ही म्हणता. ते मी करणार नाही, आणि दुसऱ्या कुणाकडूनही करून घेऊ नका. सुरुवातीला गाडी उडेल. मग एखाद्या चढावर फेरे वाढतील पण वेग वाढणार नाही, आणि प्लेट जळल्याचा वास येईल. भरल्या ट्रेलरसकट तिथे अडकणं धोक्याचं आहे.

ही गाडी तुमच्याकडे आहे तोवर चढावर वरच्या गिअरात ओढत बसू नका. एक गिअर खाली घ्या, फेरे ३००० च्या आसपास ठेवा. तिथे तुमची गाडी सुमारे १३२ किलोवॅट देते. ऑटोमॅटिक २००० ला सुमारे १०५ देते. आवाज वाढेल, त्याला घाबरू नका.

जाहिरात आज दुरुस्त केली, बाकीच्या गाड्यांचे आकडेही पुन्हा तपासून घेतोय. तुमचं काम रोज जड ट्रेलर ओढण्याचं असेल तर ऑटोमॅटिकच घ्या. ही गाडी आम्ही विकलेल्या किमतीलाच परत घेऊ, बदलून हवी असेल तर तेही करू. ट्रेलर जोडूनच या, दोन्ही गाड्या लोडवर चालवून बघा आणि मग ठरवा.